तासाची फी आणि पूर्ण उपचाराचा खर्च

२०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये समुपदेशनाच्या क्षेत्रावर परिणाम करणारे दोन निर्णय लागोपाठ झाले. २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यात म्हटले आहे. पटसंख्या कमी असलेल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावेत, अशीही सूचना आहे. पाठोपाठ ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली.

पहिल्या निर्णयाने समुपदेशकांची मागणी वाढणार आहे. दुसऱ्याने शिक्षणाचा दर्जा सुधारेल, पण नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी घेणाऱ्यांची वाट बंद होईल आणि शिक्षणाचा खर्चही वाढेल. मागणी वाढली आणि नव्याने येणारी माणसे कमी झाली, की त्याचा भार शेवटी सत्राच्या फीवर येतो. ही फी किती असावी, हे ठरवणारी कोणतीही यंत्रणा आज नाही. मुंबई-पुण्यात तासाभराच्या सत्राला हजार-दोन हजार रुपये घेतले जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. पण हा प्रश्न महानगरापुरता ठेवला, तर त्याची खरी अडचण दिसत नाही. ती पाहायची तर वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावातून हिशेब मांडावा लागतो.

इंझोरीतून पाहिलेला हिशेब

इंझोरी हे कारंजा-मानोरा मार्गावरचे शेतीवर चालणारे गाव. २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. पुढे निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही वाशीमचे नाव आले. म्हणजे मानसिक ताणाची कारणे आणि खिशाची तंगी, दोन्ही इथे एकाच घरात नांदतात.

समजा, या गावातील एखाद्या शेतमजूर बाईला नैराश्याचा त्रास आहे आणि तिला कारंजा किंवा वाशीमला खासगी समुपदेशकाकडे जायचे आहे. समुपदेशकाने माणुसकी म्हणून फी ५०० रुपये ठेवली आहे. आकडा माफक वाटतो. पण नैराश्यावरचे समुपदेशन एका भेटीत संपत नाही. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये जी पद्धत तपासून पाहिली, तीही सहा ते आठ सत्रांची होती आणि ती थोडक्यात आटोपणारी पद्धत मानली जाते. आठ सत्रे धरली तर फीच ४,००० रुपये होते.

त्यात बुडालेली मजुरी मिळवावी लागते. २०२५-२६साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. तेच माप धरले, तर आठ दिवसांचे २,४९६ रुपये होतात. दोन्ही मिळून ६,४९६ रुपये. एसटीत महिलांना मार्च २०२३पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्त झाला आहे. तरी तो खर्च वेगळाच. सोबत कोणी आले, तर त्या माणसाचाही दिवस जातो.

शेतकरी घराच्या भाषेत सांगायचे, तर २०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. ४,००० रुपयांची फी म्हणजे पाऊण क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. बाजारात भाव पडला, की याच फीसाठी जास्त माल विकावा लागतो.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, रुग्णाच्या दृष्टीने फी हा खर्चाचा एक भागच असतो. वरच्या हिशेबात जवळपास दोन पंचमांश रक्कम बुडालेल्या मजुरीची आहे. समुपदेशकाने फी शून्य केली, तरी ती उरतेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या बाईने तिसऱ्या सत्रानंतर पैशाअभावी येणे थांबवले, तर तिचे फी आणि मजुरी मिळून २,४३६ रुपये गेलेले असतात आणि उपचार मात्र अर्धवट राहतो. एवढेच नव्हे, ‘तिथे जाऊन काही फरक पडला नाही’ हा निष्कर्ष ती घरी घेऊन जाते, आणि पुढच्या वेळी गावातले आणखी कोणी जाणार असेल तर तेही कचरते. म्हणून रास्त फीची पहिली कसोटी ही, की त्या फीत रुग्ण उपचाराच्या शेवटापर्यंत पोहोचू शकतो का.

समुपदेशकाची बाजू

आता टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा हिशेब. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे यांनी वर्षानुवर्षे पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि नंतरच्या तपासणीला एक रुपया घेतला, हे वऱ्हाडात सर्वांना माहीत आहे. २०१९मध्ये कोल्हे दाम्पत्याला पद्मश्री मिळाली. मग समुपदेशकाला हजार रुपये कशाला लागतात, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. ‘नुसते बोलायचे तर पैसे’, असा त्यातला छुपा सूरही ओळखीचा आहे.

त्यागाचा भाग बाजूला ठेवला, तरी कामाच्या स्वरूपातला फरक मोठा आहे. दवाखान्यातला डॉक्टर दिवसात पन्नास-साठ रुग्ण तपासू शकतो. समुपदेशक एका वेळी एकाच माणसाजवळ पाऊण तास ते तासभर बसतो. नोंदी लिहिणे, पुढच्या सत्राची तयारी करणे आणि अवघड प्रकरणावर वरिष्ठांचा सल्ला घेणे हे धरले, तर दिवसाला चार-पाच सत्रांपलीकडे काम नीट होत नाही. सातव्या-आठव्या माणसाच्या वाट्याला थकलेले कान येतात. शस्त्रक्रियेचा वेग वाढवता येतो, ऐकण्याचा नाही.

समजा, तालुक्याच्या ठिकाणी एखादी समुपदेशक आठवड्याला १८ सत्रे ठेवते. महिन्याला ७२ होतात. सण, सुट्ट्या आणि ऐनवेळी न आलेले लोक वजा जाता ६० सत्रे प्रत्यक्षात पार पडतात. खोलीचे भाडे ५,००० रुपये, वीज, फोन व इंटरनेट २,००० रुपये, वरिष्ठांचे मार्गदर्शन व प्रशिक्षण ४,००० रुपये आणि इतर किरकोळ ३,००० रुपये, असा महिन्याचा खर्च १४,००० रुपये धरू. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला घर चालवायला ४०,००० रुपये हवेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. एकूण झाले ५४,००० रुपये. साठाने भागले, की सत्रामागे ९०० रुपये येतात.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. गाव, भाडे आणि घरची गरज बदलली, की ते बदलतील. पण रीत तीच राहते. आधी वर्षाचा किंवा महिन्याचा खरा खर्च, मग प्रत्यक्ष पार पडणारी सत्रे, आणि त्यावरून सरासरी. बहुतेक नवे समुपदेशक याच्या उलट जातात. शेजारचा काय घेतो हे पाहून ते आकडा ठरवतात, किंवा संकोचापोटी ३०० रुपये सांगून मोकळे होतात. ३०० रुपयांत वरच्या हिशेबाप्रमाणे महिन्याला १८,००० रुपये येतात आणि खर्च वजा जाता हातात ४,००० उरतात. अशी खोली वर्षभरात बंद होते, आणि मध्यावर आलेले सगळे रुग्ण एकाच दिवशी वाऱ्यावर पडतात. न परवडणारी फी रुग्णाचा उपचार तोडते, तशीच न परवडणारी स्वस्ताईही तोडते.

तीन दर, एक सरासरी

एकीकडे ९०० रुपयांची सरासरी लागते आणि दुसरीकडे इंझोरीच्या मजूर बाईला ५०० रुपयेही जड जातात. या दोन टोकांना जोडण्याचा जगभर वापरला जाणारा मार्ग म्हणजे ऐपतीप्रमाणे उतरते दर. वरच्या उदाहरणात ६० पैकी २० सत्रे १,३०० रुपयांनी, २० सत्रे ९०० रुपयांनी आणि २० सत्रे ५०० रुपयांनी झाली, तरी बेरीज ५४,००० रुपयेच येते. व्यापारी किंवा पगारदार घरातील व्यक्तीने दिलेल्या जास्तीच्या ४०० रुपयांनी मजुराचे ४०० रुपये भरून निघतात.

भारतात या विचाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये ते सुरू केले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत किंवा अल्पदरात शस्त्रक्रिया केल्या. पण तिथे शस्त्रक्रियांची प्रचंड संख्या हा कणा होता. समुपदेशनात संख्या वाढवता येत नसल्याने सवलतीच्या जागा मोजक्याच ठेवाव्या लागतात. त्या किती, हे आधी ठरवून पाळले नाही, तर मन मोडवत नाही म्हणून विसाच्या तीस होतात आणि सगळा हिशेब कोसळतो. जागा भरल्या असतील, तर तसे सांगून सरकारी सेवेची वाट दाखवणे हे अर्धवट आश्वासनापेक्षा बरे.

सवलत कोणाला द्यायची, हा पुढचा पेच. महाराष्ट्रात रेशनकार्डाचा रंग हे सोपे माप आहे: पिवळे, केशरी, पांढरे. पण समुपदेशनाच्या खोलीत ते पुरत नाही. पांढऱ्या कार्डाच्या घरातील सुनेच्या हातात स्वतःचे शंभर रुपयेही नसू शकतात, आणि आपण इथे येतो हे तिला घरी सांगायचे नसते. तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागणे म्हणजे दार बंद करणेच. दाखल्यासाठी तलाठी कार्यालयात गेले, की गावात बातमी फुटण्याची भीती वेगळी. म्हणून अनेक ठिकाणी तिन्ही दर समोर ठेवून रुग्णालाच निवड करू दिली जाते. काही जण याचा गैरफायदा घेतील. पण एखाद्याने ४०० रुपये वाचवल्याचा तोटा आणि खऱ्या गरजवंताने लाजेपोटी परत जाण्याचा तोटा, यांत दुसरा नक्कीच मोठा आहे.

उधारी, हंगाम आणि चुकलेले सत्र

शेतकरी घरात पैसा दरमहा येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, तूर आणि कापूस त्यानंतर. पेरणीच्या दिवसांत हात रिकामा असतो आणि नेमका तेव्हाच ताण जास्त असतो. किराणा दुकानात, कृषी केंद्रात सुगीवर उधारी चालते, तशी इथेही चालावी, असे कोणालाही वाटेल. मात्र उधारीचा इथे वेगळा परिणाम होतो. चार सत्रांचे पैसे थकले, की माणसाला समोर बसून मन मोकळे करणे अवघड जाते आणि तो येणेच टाळतो. म्हणजे सोय म्हणून दिलेली उधारीच उपचार तोडते. एक-दोन सत्रांपलीकडे बाकी वाढू न देणे आणि त्याऐवजी दर खाली आणणे, हा त्यातला सरळ मार्ग.

पैशाऐवजी धान्य देण्याची किंवा घरकाम करून देण्याची तयारीही दाखवली जाते. भावना चांगली असते. पण रुग्ण समुपदेशकाचा गडी किंवा कामवाली झाला, की नात्याचा तोलच बिघडतो. कमी घेतले तरी चालेल, पण व्यवहार स्वच्छ असावा.

चुकलेल्या सत्राचे पैसे घ्यावेत का, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३मध्ये लिहिलेल्या निबंधात ठरलेला तास रुग्णाच्या मालकीचा मानला होता. तो आला नाही तरी त्याने पैसे द्यावेत, असे त्यांचे मत होते. शहरात चोवीस तास आधी कळवले नाही तर पूर्ण फी, असा नियम अनेक जण ठेवतात. तो इंझोरीला जसाच्या तसा लावला, तर पावसाने वाट अडली, एसटी आली नाही किंवा अचानक पेरणी साधली, याचा दंड रुग्णाला बसेल. नियम असावा, पण त्यातल्या सवलती गावाच्या दिनक्रमातून आलेल्या असाव्यात. बाजाराच्या दिवशी सत्र ठेवणे, अडचण आली तर त्याच वेळी फोनवर बोलणे, अशा साध्या सोयींनी मजुरी वाचते आणि गैरहजेरीही कमी होते. फीमध्ये शंभर रुपये सोडण्यापेक्षा वाचलेली ३१२ रुपयांची मजुरी रुग्णाला अधिक उपयोगी पडते.

‘फुकट ते पौष्टिक नसते’ हे खरे आहे?

पैसे मोजले तरच माणूस उपचार मनावर घेतो, असा समज या व्यवसायात खोल रुजला आहे. फ्रॉइड यांनाही विनामूल्य उपचारांचे तोटे दिसले होते. पण त्यांनीच १९१८मध्ये बुडापेस्टच्या भाषणात, गरिबाला शस्त्रक्रियेइतकाच मनाच्या उपचाराचाही हक्क असल्याचे मांडले आणि १९२०मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये त्यासाठी दवाखाना उघडला.

भारतातील पुरावा अधिक थेट आहे. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालेला, ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा होता. स्थानिक, प्रशिक्षित पण पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी त्यांना मदत केली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच पण थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते. सत्राला फी नसताना हा फरक दिसला.

वाशीमच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणे सुरू केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. बोलायला माणूस गावात आला, की लोक बोलतात. अडसर अनास्थेचा कमी आणि अंतराचा, पैशाचा व लाजेचा जास्त आहे.

खासगी खोलीच्या मर्यादा

वीस सवलतीच्या सत्रांत महिन्याला फार तर पाच माणसे बसतात. एका तालुक्याची गरज त्यातून भागणार नाही आणि भागवण्याची जबाबदारीही खासगी समुपदेशकाची नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८पासून लागू झाला, परवडणारी आणि सहज मिळणारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क मानतो आणि तो पुरवण्याचे दायित्व सरकारवर टाकतो. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देण्यास सांगितले. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेल्या असल्याने दर आठवड्याच्या समुपदेशनाचा खर्च खिशातूनच जातो. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत मानसिक आजारांवर घरटी महिन्याला हजार ते दीड हजार रुपये, प्रामुख्याने उपचार आणि प्रवासावर, खर्च होत असल्याचे आढळले होते. त्या पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण प्रवासखर्चाची अडचण इथेही ओळखीचीच आहे.

मोफत मार्ग आहेत, हेही रुग्णाला ठाऊक हवे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे आणि ती मराठीतही बोलते. जीव नकोसा वाटण्याइतका ताण असेल, तर फीचा विचार न करता आधी तिथे फोन करावा किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाला हे मार्ग सांगणे, हाही खासगी समुपदेशकाच्या प्रामाणिक व्यवहाराचाच भाग आहे. गिऱ्हाईक जाईल, या भीतीने ते लपवले जाऊ नयेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या ताज्या सूचनांमध्ये एक संधीही आहे. प्रत्येक शाळेला पूर्णवेळ समुपदेशक परवडणार नाही. पण तालुक्यातील पाच-सहा शाळा-महाविद्यालयांनी मिळून एका पात्र व्यक्तीला आठवड्यातले ठरावीक दिवस दिले आणि महिन्याला वीस तासांचे ९०० रुपयांप्रमाणे १८,००० रुपये नियमित दिले, तर त्या व्यक्तीच्या गरजेचा एक तृतीयांश भाग निश्चित होतो. मग तिला तालुक्यात राहणे परवडते, आणि उरलेल्या वेळेत स्वस्त सत्रांची संख्या वाढवता येते. मान्यतेच्या तपासणीपुरते कागदावर नाव लावले गेले, तर मात्र ही संधी वाया जाईल.

पहिल्या भेटीतच सांगायच्या गोष्टी

तोपर्यंत रास्तपणाचा बराचसा भाग पहिल्या भेटीतल्या पाच मिनिटांत ठरतो. साधारण किती सत्रे लागतील, एका सत्राची फी किती आणि सगळे मिळून किती होईल. कमी दराची जागा आहे का. सत्र चुकले तर काय. फी वाढणार असेल तर किती आधी कळेल आणि चालू उपचारात ती वाढणार नाही ना. समुपदेशकाचे शिक्षण व नोंदणी काय. एवढे कागदावर, मराठीत आणि दारावर वाचता येईल असे असावे. रुग्णानेही ते विचारायला संकोचू नये. बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी भाव आणि उगवण दोन्ही विचारतो, तेव्हा त्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

आठ सत्रांचे पैसे जमणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळले, तर चार सत्रांत काय साधता येईल, याची आखणी करता येते. पंधरवड्याने एकदा भेटता येते किंवा सरकारी सेवेशी सांगड घालता येते. हेच तिसऱ्या सत्रानंतर कळले, तर समुपदेशकाच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही, कारण समोरची खुर्ची तोपर्यंत रिकामी झालेली असते.